ऑड्रा मॅक्डोनाल्डचं 'जिप्सी' बघून आले, जरा सविस्तरच लिहितेय

आधी कामाचं सांगते. ब्रॉडवेवरचं (न्यूयॉर्कची मोठी व्यावसायिक थिएटरं) हे संगीत नाटक १७ ऑगस्ट २०२५ला बंद झालं, आधी ५ ऑक्टोबरपर्यंत चालणार म्हणत होते पण मग तारीख अलीकडे ओढली. मी पाचपैकी साडेचार देतेय. अर्धा का कापला ते पुढं येईलच, आणि त्यातलं निम्मं पाप नाटकाचं नाहीच, थिएटरच्या जिन्याचं आहे.

ऑड्रा कोण हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. 'द गिल्डेड एज' बघत असाल तर त्यात पेगीची आई डॉरथी स्कॉट, तीच ही. पण टीव्ही हा तिचा जोडधंदा म्हणायचा, मूळ माणूस स्टेजचा. अभिनयाचे सहा टोनी (ब्रॉडवेचा सगळ्यात मोठा पुरस्कार) आहेत बाईकडे, १९९४ला 'कॅरुसेल', मग 'मास्टर क्लास', 'रॅगटाइम', 'अ रेझिन इन द सन', 'पोर्गी अँड बेस' आणि २०१४ला बिली हॉलिडेची भूमिका केलेलं 'लेडी डे'. नटनट्यांमध्ये एवढे दुसऱ्या कुणाकडेच नाहीत, आणि गद्य-संगीत, मुख्य-सहायक अशा चारही गटांत मिळवलेली ती एकटीच. 'जिप्सी'साठी अकरावं नॉमिनेशन होतं. मी इकडे शिकायला आले तेव्हा पैसे नव्हते, ब्रॉडवे म्हणजे लायब्ररीतून आणलेल्या सीड्या, आणि त्यात 'रॅगटाइम' इतक्या वेळा घरी आली की शेवटी लायब्ररीवाल्या काकूच म्हणाल्या, अगं विकतच घे आता. तर सांगायचं म्हणजे मी काही तटस्थ समीक्षक नाही, ऑड्राच्या बाबतीत मी आधीच वाया गेलेली केस आहे.

आता नाटकाबद्दल. 'जिप्सी' पहिल्यांदा आलं १९५९ साली, संगीत ज्यूल स्टाइनचं, गाण्याचे शब्द स्टीव्हन सोंडहाइमचे (तेव्हा तो तिशीचाही नव्हता) आणि संहिता आर्थर लॉरेंट्सची. जिप्सी रोझ ली नावाची एक खरीखुरी प्रसिद्ध बर्लेस्क (नाचता-गाता एकेक कपडा उतरवायचे खेळ) कलाकार होती, तिच्या आठवणींच्या पुस्तकावरून घेतलंय. नाव मुलीचं असलं तरी नाटक आहे आईचं. ही आई, रोझ, दोन पोरींना घेऊन गावोगाव वॉडविल करत फिरते. वॉडविल म्हणजे एकाच तिकिटात गाणं, नाच, विनोद, जादू, कुत्र्यांच्या कसरती असं सगळं मिळायचं तो प्रकार, आणि नेमका तेव्हा तो बोलपटांपुढं मरायला टेकलेला. धाकटी जून लाडकी, सोनेरी केसांची, तिच्यावर सगळा डोलारा, आणि थोरली लुईस मागं कुठंतरी, गायीच्या सोंगात. बाई हॉटेलातली ब्लँकेटं ढापून त्याचे पोरींना कोट शिवते, रेस्टॉरंटमधले काटेचमचे पर्समध्ये टाकते, बापाकडे अठ्ठ्याऐंशी डॉलर मागते आणि तो नाही म्हणाल्यावर त्याची भिंतीवरची सोन्याची पाटी उचलून चालायला लागते. पोरींची खरी वयं त्यांनाच माहीत नाहीत, कारण बाल कलाकार मोठे झाले की धंदा संपला.

ओळखीचं वाटतंय ना? आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात पोरांचा नाच चालू असताना विंगेत उभं राहून पोरापेक्षा जोरात हातवारे करणाऱ्या आया सगळ्यांनी बघितल्यात. मी स्वतः गेल्या वर्षी त्यातलीच एक होते, त्यामुळे पहिली दहा मिनिटं हसू येत होतं आणि नंतर यायचं बंद झालं.

रोझ म्हणजे ब्रॉडवेवरच्या बायकांसाठी सगळ्यात मोठी परीक्षा समजली जाते. आधी इथेल मर्मन, मग अँजेला लॅन्सबरी, टाइन डेली, बर्नाडेट पीटर्स, पॅटी ल्युपोन, सगळ्या एकापेक्षा एक. आपल्याकडे एखादं पद एका गवयाच्या नावावर लागलं की पुढचा प्रत्येक जण त्याच्याच कट्ट्यावर बसून गातो, तसं इथं मर्मनचं झालंय. ती गायची तोफ डागल्यासारखी, सरळ छातीतून, माइकबिइक नसला तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाची टोपी उडावी असं, आणि गाणी तिच्या त्या आवाजासाठीच बेतलेली. ऑड्रा ज्युलियार्डमध्ये (न्यूयॉर्कची नावाजलेली संगीत-नाट्यशाळा) रीतसर शास्त्रीय शिकलेली, वरच्या पट्टीतला मऊ, गोल सोप्रानो. त्यामुळे नाटक जाहीर झाल्यापासून लोकांत दोन तट पडलेले, एक म्हणणार ऑड्रा काहीही गाऊ शकते, दुसरा म्हणणार आवाजाची जातच वेगळी आहे, हे तिचं काम नव्हे.

माझं प्रामाणिक मत? पहिल्या अर्ध्या तासात दुसऱ्या तटाचं पटत होतं. 'सम पीपल' या गाण्यात ती खालच्या आवाजातून वर जाताना मध्येच एक सांधा लागतो, खालचा रांगडा आवाज आणि वरचा चर्चमधल्यासारखा आवाज एकमेकांना नीट भेटत नाहीत, आणि आपल्याला वाटतं अरेरे, इथं मर्मनची तोफच हवी होती. माझ्या शेजारी बसलेल्या आई (सासूबाई, सध्या आमच्याकडे आल्यात, मूळच्या सांगलीच्या, म्हणजे नाटकातलं आपल्याला कळतं ही समजूत जन्मजात) हळूच वाकून म्हणाल्या, "ही गातेय का भांडतेय गं?"

तर तेच आहे ना! आईंनी तक्रार म्हणून विचारलं पण पुढचे दोन तास मला त्याच प्रश्नाचं उत्तर मिळत गेलं. ही रोझ गोड बोलून काम होतंय असं दिसलं की तो वरचा, मऊ, सभ्य आवाज काढते. हर्बीला (हा त्यांचा एजंट, प्रेमात पडलेला गरीब बिचारा) पटवताना 'स्मॉल वर्ल्ड' काय गायलीय, लोणी नुसतं. आणि कुणी नाही म्हटलं, कुणी आडवं आलं, की खालचा आवाज बाहेर पडतो, तो सुरेल असेलच असं नाही. म्हणजे तो सांधा लपवायचाच नाहीये तिला. दोन आवाजांची बाई आहे ती, एक जगाला दाखवायचा आणि एक आतला. हे माझ्या डोक्यात साधारण मध्यंतराच्या जरा आधी शिरलं आणि मग मी गाणं तपासायचं सोडून दिलं.

मध्यंतराच्या आधीचा सीन सांगितल्याशिवाय राहवत नाही, कथा आधी कळली तरी बिघडत नाही, साठ-पासष्ट वर्षं जुनं नाटक आहे. ओमाहाचा रेल्वे प्लॅटफॉर्म. जून पळून गेलीय, ताफ्यातल्याच मुलाशी लग्न करून. बाकीची पोरंही निघाली. चिठ्ठी रोझच्या हातात. हर्बी म्हणतोय, सोड आता हे, लग्न करू, घर करू, आणि लुईसच्या चेहऱ्यावर आयुष्यात पहिल्यांदा आशा दिसतेय की आता आपण शाळेत जाऊ, साध्या माणसांसारखे राहू. आणि रोझ वळते आणि 'एव्हरीथिंग्ज कमिंग अप रोझेस' सुरू करते, लुईसला स्टार करणार म्हणून. हे गाणं एरवी लोक लग्नाबिग्नात म्हणतात, आनंदी गाणं म्हणून! इथं बघा ऑड्राला. सुरुवातीला ती लुईसकडे बघतच नाही, तिच्या डोक्यावरून पलीकडं कुठंतरी बघत गाते, चिठ्ठीच्या हाताची मूठ उघडायला तयार नाही, मानेच्या शिरा मला मेझानीनमधून (वरची बाल्कनी) दुर्बीण न लावता दिसत होत्या. आणि जॉय वुड्स (लुईस) नुसती उभी, काही करत नाही, फक्त चेहऱ्यावरची ती आशा हळूहळू मावळते. शेवटची तान संपली आणि टाळ्या अशा पडल्या की दिवे लागले तरी थांबेनात. आपल्याकडे असतं तर वन्स मोअर झाला असता आणि बाईनं परत गायलं असतं. इथं तशी पद्धत नाही, आणि खरं सांगू, परत ऐकायची माझी हिंमतही नव्हती.

ब्रॉडवेवरची ही पहिली कृष्णवर्णीय रोझ. दिग्दर्शक जॉर्ज सी. वुल्फनं संहितेत त्यासाठी भाषणं घुसडलेली नाहीत, तेच संवाद, तीच गाणी, पण माणसं बदलल्यावर त्याच वाक्यांना वेगळी धार येते. जूनला सोनेरी केसच का पाहिजेत, लुईसला पुढं का येऊ देत नाहीत, हे नुसतं आईचं खूळ राहत नाही. एक जागा तर फारच बोचली. पोरं लहानाची मोठी होतात तो जुना गाजलेला तुकडा आहे, लखलखत्या दिव्यात नाच चालू असतानाच लहान नट जाऊन मोठे नट येतात. इथं जूनच्या मागं नाचणारी लहान काळी मुलं जातात आणि त्यांच्या जागी येतात मोठी गोरी मुलं. एक शब्द नाही, नाच क्षणभरही थांबत नाही, बाईनं धंद्याचं गणित मांडलं एवढंच. काही लोक टाळ्या वाजवत होते, काहींचे हात अर्ध्यातच थांबले. 

नृत्यं मूळची जेरोम रॉबिन्सची, ती इतकी देवघरात ठेवलेली की हात लावायला लोक घाबरतात, पण यावेळी कमिल ए. ब्राउननं नव्यानं बसवलीत. टल्साचं (ताफ्यातला नाचणारा मुलगा) काम करणाऱ्या केविन क्सोलाकचा 'ऑल आय नीड इज द गर्ल' मस्तच झालाय, तो नाचतोय आणि कोपऱ्यात बसलेली लुईस त्याच्याकडे बघतेय, आणि आपल्याला कळतंय की हिचं काही खरं नाही. बाकी मध्ये काही नाच लांबलेत, माझं मत.

डॅनी बर्स्टीनचा हर्बी मला फार आवडला. बाकी सगळे ओरडत असताना हा माणूस मवाळ राहतो, पोट बिघडलेल्या, सतत ॲडजस्ट करणाऱ्या नवऱ्यासारखा, आणि लग्नाच्याच दिवशी जेव्हा तो निघून जातो तेव्हा आवाज चढवत नाही. तिथं ऑड्रा जे करते ते शब्दांत सांगता येत नाही.

जॉय वुड्सबद्दल मात्र अजून लिहायला हवं कारण लोक ऑड्रा ऑड्रा करत जातात आणि हिला बघून येतात. पहिला सगळा अंक ही पोरगी गायीच्या मागच्या पायात असल्यासारखी दबलेली. 'लिटल लॅम्ब' म्हणते, वाढदिवसाच्या रात्री कोकराला मांडीत घेऊन, स्वतःचं वय किती हेही माहीत नसलेलं लेकरू, तेव्हा आईंनी पर्समधून रुमाल काढला. आणि मग विचिटा गावातलं एक कळकट बर्लेस्क थिएटर, तिथली मुख्य नटी ऐनवेळी गायब, आणि रोझ स्वतःच्या पोरीला पुढं ढकलते. पहिल्यांदा लुईसला काय करावं ते कळत नाही, एक हातमोजा काढते आणि घाबरून जाते. तोच हातमोजा काढण्याचा प्रकार पुढच्या शहरात, मग त्याच्या पुढच्या, प्रत्येक वेळी हाताला थोडा जास्त वेळ, खांद्याला थोडा जास्त माज, आणि शेवटी जी उभी राहते ती जिप्सी रोझ ली. अंगप्रदर्शन फार नव्हतं, सासूबाईंना घेऊन गेले होते म्हणजे बघा. मला टेन्शन होतंच, पण त्या तीन बुजुर्ग नट्यांचं गाणं आहे ना, प्रत्येकीनं आपली युक्ती दाखवायची, एक बिगुल फुंकते, एक अंगावर दिवे लावते, एक बॅले करते, त्याला आई इतक्या हसल्या की पुढच्या रांगेतल्या गोऱ्या आजोबांनी वळून बघितलं आणि तेही हसायला लागले.

आणि शेवटी 'रोझेज टर्न'. आता पोरगी मोठी स्टार, आईची गरज संपली. रिकाम्या स्टेजवर एकटी रोझ, आणि आयुष्यभर जे पोरींच्या नावानं मागितलं ते स्वतःच्या नावानं मागते. इथं मगाशी म्हणाले ते दोन्ही आवाज एकाच ओळीत येतात. मऊ आवाज सुरू होतो, मध्येच चिरतो, खालचा वर येतो, मधे बोलते, अडखळते, पोरींची नावं पुटपुटते, परत गाते. रडत गाणं अवघड असतं कारण रडलं की गळा बंद होतो, हे गाणाऱ्या कुणालाही विचारा. ही बाई रडतेय, नाक वाहतंय, आणि सूर जागेवर आहे. मर्मनची रेकॉर्ड मी ऐकलीय, ल्युपोनचीही, त्या दोघी तिथं जिंकतात, स्टेज काबीज करतात. ऑड्रा तिथं हरते. मुद्दाम हरते, आणि माझ्या मते नाटक तेच मागतं. ज्यांना जिंकणारी रोझ हवीय त्यांना हे आवडणार नाही, आमच्या ग्रुपमधल्या एकीला नाहीच आवडलं, ती म्हणते फार रडारड केली, ताकद दिसली नाही. ठीकेय. तिनं पॅटी ल्युपोनची २००८ची रोझ स्टेजवर बघितलेली आहे, तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

टोनी २०२५ला 'सनसेट बुलेवार्ड'साठी निकोल शेरझिंगरला गेलं, 'जिप्सी'ला पाच नॉमिनेशन्स होऊन हाती भोपळा. मी 'सनसेट' बघितलेलं नाही त्यामुळे गप्प बसते, पण गप्प बसणं जड जातंय.

अजून एक, ऑर्केस्ट्रा. पडदा उघडायच्या आधी नुसत्या वाद्यांचं जे वाजतं ना, ओव्हर्चर, ते चुकवण्यासारखं नव्हतंच. स्टेजपुढच्या खड्ड्यात खरीखुरी माणसं बसलेली, ट्रम्पेटवाला उभा राहून अंगात आल्यासारखा वाजवतो, आणि नुसत्या त्याला पूर्ण हाऊसच्या टाळ्या. आपल्याकडे आता ऑर्गन-तबल्यावर, तेही बजेट असेल तर, भागवावं लागतं, ते आठवून जीव थोडा खाली-वर झाला. तक्रार एकच, साऊंड. माइकचा आवाज मेझानीनला जरा करकरीत येत होता, कोरस एकत्र गायला लागला की शब्द कळत नव्हते, आईंना तर नाहीच, त्यांना मी गोष्ट बसमध्येच सांगून ठेवली होती म्हणून निभावलं. इंग्रजी उच्चारांची सवय नसलेल्या कुणाला नेणार असाल तर हे नक्की करा.

थिएटरचं आता. मॅजेस्टिक, पश्चिम ४४वा रस्ता, एट्थ अव्हेन्यूजवळ. १९२७चं आहे, 'फँटम ऑफ द ऑपेरा' इथंच पस्तीस वर्षं चाललं, २०२३ च्या एप्रिलमध्ये बंद झालं, मग डागडुजी करून 'जिप्सी' आलं. आतून देखणं आहे, नवं सोनेरी काम वगैरे. पण लिफ्ट नाही, एस्कलेटर नाही. मेझानीन म्हणजे जिनेच जिने, आणि वर गेल्यावर रांगाही उभ्या उतारावर. आईंचे गुडघे, माझा जीव. वयस्कर माणसं बरोबर असतील तर चार पैसे जास्त गेले तरी खालच्या ऑर्केस्ट्रातली (इथं तळमजल्याच्या सीटांना असं म्हणतात) कडेची सीट घ्या, आणि बुक करताना फोन करून पायऱ्या किती ते विचारा. पाय पसरायला जागा नाही, उंच माणसांनी कडेचीच सीट. मध्यंतरात बायकांच्या बाथरूमची रांग लॉबीत वळसे घेत असते, दिवे लागायच्या आत उठलात तर नंबर लागतो, पण मग ती टाळ्यांची पाच मिनिटं हुकतात. काय हवंय ते ठरवा.

तिकीट (कुठल्याही ब्रॉडवे नाटकाचं): रीसेल साइटवरून अजिबात घेऊ नका. मी एका ठिकाणी घ्यायला गेले तर शेवटच्या पानावर फीच्या नावाखाली इतकं वाढलं की डोळे पांढरे झाले, बंद करून टाकलं. सरळ थिएटरच्या खिडकीवर जा, तिथं ती ऑनलाइनची फी लागत नाही, खिडकीतला माणूस कुठली सीट खरंच चांगली तेही सांगतो. नाहीतर टाइम्स स्क्वेअरच्या लाल पायऱ्यांखाली टीकेटीएसचा बूथ आहे, त्या दिवशीची तिकिटं सवलतीत, पण मिळेलच असं नाही. न्यू जर्सीतून येणाऱ्यांनी गाडी आणू नये, पोर्ट अथॉरिटीला बसनं उतरलं की थिएटर दोन गल्ल्यांवर. लिंकन टनेलमध्ये अडकायचं गृहीत धरा, बुधवारी दुपारच्या शोला तर जास्तच. खायला आतमध्ये काही घेऊ नका, भाव ऐकून भूक जाते. आम्ही नाइन्थ अव्हेन्यूला जाऊन आधीच खाल्लं, आणि पर्समध्ये आईंचे खजुराचे लाडू होतेच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिकीट घ्यायच्या आधी त्या दिवशी मुख्य कलाकार आहे ना ते बघा. ठरलेल्या सुट्ट्या साइटवर लिहिलेल्या असतात, पण कुणी आजारी वगैरे पडलं तर ऐनवेळी लॉबीत पाटी लागते आणि प्लेबिलमध्ये (दारात मिळणारी माहितीपुस्तिका) पांढरी चिठ्ठी घातलेली असते. दारात प्लेबिल हातात आलं की मी आधी ती चिठ्ठीच शोधली, नव्हती, तिथंच आईंना मिठी मारली, त्यांना कळेना काय झालं. नाटक इंटरव्हलसकट पावणेतीन तासांच्या आसपास होतं. दहा-बारा वर्षांच्या आतल्या पोरांना नेण्यासारखं नव्हतं, कळलं नसतं, आणि कळलं असतं तर घरी जाताना आपल्याला नको ते प्रश्न विचारले असते.